वाचलेलं पाणी

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला तेव्हा मी एका स्टार्टरचं झाकण उघडून बसलो होतो. 'पाणी वाचवणारा मिस्त्री' अशा मथळ्याखाली चार पानं लिहून द्या म्हणाले. कोणीतरी त्यांना माझा शाल-नारळाचा फोटो दाखवला होता. मी म्हटलं, लिहितो, पण मथळा माझा मीच देतो. त्या फोटोत माझी मान खाली आहे. पाहणाऱ्याला वाटतं, काय विनयी माणूस आहे. विनय वगैरे काही नाही, शरम आहे ती. कशाची, ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे तो फोटो पाहून पुन्हा कोणी हार घेऊन दारात उभं राहणार नाही.

मी महागावचा. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, मी तेच चालवलं. जळालेली मोटर आली की जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून उन्हात ठेवायची. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांमध्ये आमचाही धंदा बसला. शेतकऱ्याच्या वावरात काही नाही तर तो मोटर कशाला भरून घेईल? तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीचे साहेब आले. त्यांना गावोगावी सेन्सर बसवायला माणूस पाहिजे होता. मोटर, स्टार्टर, वायर हे सगळं मला येत होतंच. मोबाइलचं त्यांनी शिकवलं. असा मी सलीम मिस्त्रीचा 'फील्ड इंजिनियर' झालो. दुकानावरची पाटी मात्र बदलली नाही, आणि लोकांनी मिस्त्री म्हणणंही सोडलं नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत मुळांच्या खोलीवर दोन दांड्या गाडायच्या. माती किती ओली ते त्या दांड्यांना कळतं. वर एक खांब, खांबावर डबी, डबीत सिमकार्ड आणि डोक्यावर सोलरची छोटी प्लेट. माती सुकली की डबी विहिरीवरच्या स्टार्टरला निरोप देते, लाइन असली की मोटर सुरू होते आणि ठिबकच्या नळ्यांतून पाणी झाडाजवळ पडतं. माती भिजली की मोटर बंद. शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज येतो आणि माझ्याही मोबाइलवर दिसतं. हिरवा रंग म्हणजे ओल आहे, लाल म्हणजे पाणी पाहिजे. इतकं सोपं. माणसानं घरी बसावं आणि वावरानं आपलं आपण पाणी प्यावं, असं साहेब सांगायचे आणि मीही तेच पाठ म्हणून दाखवायचो.

वावर मात्र साहेबांचं ऐकत नाही. उन्हाळ्यात खारी तहानेनं नळ्या कुरतडायच्या. रानडुकरं त्याच नळ्या उपटून वावरभर पसरवायची. फुलसावंगीच्या एका काकांनी चोरी होईल या भीतीनं डबी, खांब, दांड्या सगळं उपटलं आणि घरी आणून अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत रोवलं. वर मलाच फोन, "मिस्त्री, मोटर काहून चालून नाही राह्यली?" मी म्हटलं, "काका, काकू रोज तुळशीले पाणी घालते, मोटर कायले चालन?" तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो. तो किस्सा मी प्रत्येक बैठकीत रंगवून सांगायचो. आता सांगत नाही.

आमच्या काळ्या जमिनीनंही मला पुष्कळ नाचवलं. ही माती पावसाळ्यात फुगते आणि ऊन लागलं की फाटते. दांडीच्या बाजूनं फट पडली की दांडीला माती लागतच नाही, हवा लागते. मग ती आपली सुकलं सुकलं म्हणत राहते, आणि भिजलेल्या वावरात मोटर धावत राहते. हे पुण्याच्या पुस्तकात नव्हतं. मी दर भेटीला खांबाजवळची माती पायानं दाबायला शिकलो, आणि मोठी अक्कल आल्यासारखा साहेबांना सांगितलं. साहेबांनी शाबासकी दिली. जास्त पाणी जाण्याची चूक मला ठाऊक झाली होती. कमी जाण्याची चूक कशी होते, याचा विचारही डोक्यात आला नाही.

आता जमनाबाईचं सांगतो.

फुलसावंगीच्या पुढे एक बंजाऱ्यांचा तांडा आहे. जमनाबाई तिथली. नवरा ट्रकवर, वर्षातून दोन-चारदा घरी येणारा. दोन एकर वावर त्यानं बायकोच्या नावावर केलेलं, पण पाहायचा तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, देवसिंगभाऊ. काय पेरायचं, केव्हा फवारायचं, कापूस कोणत्या दिवशी वेचायचा, सगळं देवसिंगभाऊ ठरवणार आणि जमनाबाई फक्त राबणार. कंपनीला त्या वर्षी बायांच्या नावावरची वावरं पाहिजे होती. फुकटात यंत्र मिळतं म्हटल्यावर देवसिंगभाऊ तयार झाला. पण कंपनीची अट होती की मेसेज जिच्या नावावर वावर तिच्याच मोबाइलवर जाणार. जमनाबाई सातवी शिकलेली. तिनं पहिला मेसेज मोठ्यानं वाचला आणि मग जेठाला म्हणाली, "औंदा वावर म्या पाहतो. पिकलं नाही त पुढच्या साली तुमी पाहा." सगळ्यांसमोर म्हणाली. देवसिंगभाऊ हसला आणि म्हणाला, "पाह्य." यंत्राबरोबर ही पैज त्या वावरात आली, हे मी त्याच दिवशी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

नवी मोटर सुरू करताना आमच्याकडे नारळ फोडतात. मी मुसलमान माणूस, पण घरधनी नारळ विसरला तर काम अडू नये म्हणून माझ्या पिशवीत एक नारळ कायम असायचा. त्या दिवशी तोच दिला. विहीर लांब होती, सगळे खांबाजवळ जमले होते, म्हणून खांबापाशीच फोडला. आणि पुढे डवरणीच्या वेळी, ओळींमधून औत फिरताना, बैलांनी खांब मोडू नये म्हणून मी जमनाबाईला म्हटलं, "याले एखादं लाल फडकं बांधून ठेवा, दुरून दिसन." तिनं आपल्या जुन्या ओढणीचा काठ फाडून बांधला. काळ्या वावरात मधोमध उभा खांब, वर लाल फडकं, खाली फोडलेला नारळ. मला त्यात खांबच दिसला.

पावसाळाभर वावर देखणं होतं. मी गेलो की जमनाबाई आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची. "बेस, भिया," म्हणायची, म्हणजे बस, भाऊ. पाणी प्याल्याशिवाय कामाचं बोलू द्यायची नाही. तिच्या वावरात कोणीही येवो, कोतवाल, मजूर, रस्ता चुकलेला, आधी पाणी. झाडांना पात्या, म्हणजे कळ्या, भरून लागल्या होत्या, अळीही तिनं सापळे लावून आटोक्यात ठेवली होती. देवसिंगभाऊ बांधावरून पाहायचा आणि आपल्या वावरात निघून जायचा.

पाऊस गेला, दसऱ्याचं ऊन तापलं. कपाशीला खरी तहान लागते ती याच दिवसांत, बोंडं भरताना. जमनाबाईचा फोन आला.

"भिया, पानं लाल होऊन राह्यले."

मी मोबाइल उघडला. हिरवागार.

"ओल भरपूर आहे ताई," मी म्हटलं. "लाल्या असन. कृषी केंद्रातून औषध घ्या आन मारा."

लाल्या हा कपाशीचा रोग, आमच्याकडे दरसाल येतो. तिनं औषध मारलं. पुन्हा फोन आला, "झाडं दुपारी मान टाकते." मी पुन्हा मोबाइल पाहिला. पुन्हा हिरवा. मी म्हटलं, "ऊनच तसं आहे." तिच्या मोबाइलवरही रोज मेसेज येत होता, 'ओलावा पुरेसा, पाण्याची गरज नाही.' मेसेज खोटं कशाला बोलेल? विहीर दोघांची सामाईक. तिची मोटर सुरूच होत नव्हती, म्हणून तिच्या पाळीचं पाणीही देवसिंगभाऊच्या कपाशीला जात होतं. त्याची कपाशी बांधापलीकडे हिरवी उभी होती. आणि तिकडे पुण्याला साहेबांच्या पडद्यावर जमनाबाईचं वावर सगळ्या तालुक्यात पहिलं आलं होतं. सगळ्यांत कमी पाण्यात पीक!

एका सकाळी तांड्याच्या रस्त्यानं दुसऱ्या कामाला चाललो होतो. म्हटलं, जाता जाता सोलरची प्लेट पुसून द्यावी. वावरात शिरलो तर जमनाबाई खांबापाशी उभी. खांबाला हळदीचं बोट लावलेलं. तिनं तांब्या वाकडा केला आणि सगळं पाणी खांबाच्या बुडाशी ओतलं. फटीतून ते गटगट खाली गेलं.

मी तिथंच थांबलो.

"ताई, हे काय करून राह्यल्या?"

"काहून? रोजच देतो." ती हसली. "हा बिचारा दिवसभर उन्हात उभा राहून सांगते का झाडं तहानले म्हून. त्याले कोण पाणी देईन? राबते त्याले आधी पाणी नको का?"

मी खाली बसून हातानं माती उकरली. दांड्यांभोवती चिखल. दोन पावलं सरकून उकरली, तर नखं मोडतील अशी सुकलेली, भेगाळलेली माती. दोन एकराला कंपनीनं एकच सेन्सर दिला होता, आणि त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी मिळत होतं. तो खरंच बोलत होता. त्याच्यापुरती ओल होतीच. मी तिला समजावून सांगितलं. फार सांगावं लागलं नाही, ती चिखलाकडे आणि भेगांकडे पाहत होती. मग ती झाडांच्या ओळीत खाली बसली आणि गळून पडलेली बोंडं गोळा करायला लागली. गळलेल्या बोंडांचं काही होत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ओटीत भरत राहिली.

"म्हणजे म्याच त्याइले उपाशी मारलं," ती म्हणाली.

"तुमी नाही, ताई. म्या सांगाले पायजे होतं का इथं पाणी टाकू नका. कोणालेच सांगितलं नाही." हे मी खरंच म्हटलं, त्याच वेळी म्हटलं. तुळशीच्या कुंडीवर वर्षभर हसणारा माणूस मी. दांडीजवळ बाहेरचं पाणी पडलं तर यंत्र फसतं, हे मला ठाऊक होतं. त्यातून शिकायचं सोडून मी किस्सा बनवला.

मोटर हातानं चालवली, पाणी दिलं. पण वेळ गेली होती. बोंडं लहानपणीच उकलली, निम्मा कापूस कवडी निघाला, म्हणजे पिवळट, कडक, बोटांनी सुटत नाही असा.

मी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी कमी लागलं की नाही?" मी म्हटलं, "लागलं नाही साहेब, दिलंच नाही." ते म्हणाले, "सत्काराचा कार्यक्रम ठरलाय, मंगल कार्यालय घेतलंय, मोठे अधिकारी येणार. आता घोळ नको." कार्यक्रमाच्या दिवशी महागावात मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी मला पुन्हा बजावलं. "सेन्सर फसला असं बाहेर गेलं तर वरचे विचारतील कोणी बसवला. पहिलं काम तुझं जाईल, सलीम." दारात जमनाबाई उभी होती. नव्या लुगड्यात, डोक्यावर पदर, हातात मोबाइल. तिनं ऐकलं. मला कळलं की तिनं ऐकलं.

हॉल भरलेला. तांड्यातले लोक, देवसिंगभाऊ पहिल्या रांगेत. आम्हा दोघांना शाल, नारळ, तालुक्यात सर्वाधिक पाणी वाचवल्याबद्दल. तोच तो फोटो. मग निवेदकानं जमनाबाईच्या हातात माइक दिला आणि म्हणाला, ताई, दोन शब्द.

तिनं नारळ टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "पाणी वाचलं ते असं वाचलं का मी रोज खांबाले पाणी पाजत होतो. झाडं तहानलेच राह्यले. कापूस कवडी झाला." हॉलमध्ये खसखस पिकली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे म्हणाली, "या भियानं मले बजावलं होतं, दांडीपाशी पाणी टाकू नका म्हून. म्याच आयकलं नाही."

हे साफ खोटं होतं. मी तिला काही बजावलं नव्हतं.

लोक आता मोकळेपणी हसले. साहेबांच्या चेहऱ्यावर जीव आला. व्यासपीठावरचे अधिकारी उठले आणि अंधश्रद्धेवर बोलायला लागले. मला राहवलं नाही. मी मध्येच माइक ओढून घेतला आणि बोललो, "ताई खोटं बोलून राह्यल्या. मी त्याइले काही सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे, कंपनीची आहे. वावर माझ्यामुळं सुकलं." शब्द स्पष्ट होते. मागच्या रांगेपर्यंत गेले.

आणि मग टाळ्या. माझ्यासाठी! निवेदक म्हणाला, "पाहा मंडळी, याला म्हणतात मोठं मन. एका भगिनीची चूक आपल्या अंगावर घेतली." अधिकाऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी "नाही, तसं नाही" म्हणत राहिलो आणि जितका म्हणत गेलो तितका मोठा होत गेलो. मी खरं बोललो, ते कोणाला पटलं नाही. ती खोटं बोलली, ते सगळ्यांना पटलं, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. यंत्र चांगलं, मिस्त्री चांगला, बाई अडाणी. माझं काम टिकलं. उलट साहेबांनी मला आणखी दोन तालुके दिले.

तांड्यात पोरं जमनाबाईला 'मशीनेरी याडी' म्हणायला लागली. याडी म्हणजे आई. मशीनला पाणी पाजणारी आई. मी देवसिंगभाऊकडे दोनदा गेलो. अल्लाची शपथ घेऊन सांगितलं, बाईची चूक नाही. त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमी तिची बाजू घेता, तुमचे संस्कार चांगले हायेत. पण यंत्राले पाणी पाजणारी बाई वावर काय पाहीन?" नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्या तरी घाटात होता. म्हणाला, "दादा म्हणते तसं करा." तिला मी सांगितलं, तुम्ही खरं काय ते बोला, मी साक्षीला येतो. ती म्हणाली, "भिया, एकदा माणसात बोललेलं फिरवलं त उद्या माह्या कोणत्याच शब्दाले किंमत राह्यणार नाही." मी ते काम सोडून पुन्हा नुसती रिवाइंडिंग करावी, असं पुष्कळदा मनात आलं. घरात लेकीचं कॉलेज होतं. सोडलं नाही. मग तिनं वाचवलेली नोकरी वापरतोय, ही टोचणी घेऊन रोज गाडीला किक मारायची.

तेवढं एक केलं. त्यानंतर जिथं जिथं यंत्र बसवलं तिथं नारळ विहिरीवर नेऊन फोडायला लावला, लाल फडक्याऐवजी खताची पांढरी पिशवी बांधली, आणि घरातल्या बायांना आधी सांगितलं की याला पाणी द्यायचं नाही. चांगली गोष्ट आहे. जमनाबाईच्या वावराला त्या गोष्टीचा काही उपयोग नाही.

पुढच्या मृगाच्या आधी देवसिंगभाऊचा फोन आला. या सालापासून वावर तो पाहणार, तेव्हा मेसेज त्याच्या मोबाइलवर आला पाहिजे. बाईच्याच मोबाइलची अट कंपनीनं पहिल्या सालापुरतीच ठेवली होती. तसं करायचं तर यंत्रात नंबर बदलावा लागतो, आणि जुन्या नंबरवर एक ओटीपी येतो. जुना नंबर ज्याचा, त्यानं तो वाचून दाखवला तरच बदल होतो. कंपनीनं ही सोय शेतकऱ्याच्या भल्यासाठी ठेवली होती, कोणी फसवून नंबर बदलू नये म्हणून.

तांड्यात जाऊन त्यांच्या ओसरीवर बसलो. देवसिंगभाऊ बाजेवर, त्याचा नवा मोबाइल हातात. जमनाबाईला बाहेर बोलावलं. ती हात पुसत आली, उंबऱ्यापाशी उभी राहिली. मी नंबर टाकला आणि बटण दाबलं. तिच्या हातातला मोबाइल वाजला.

"त्यात आकडे आले असन, ताई," मी म्हटलं. माझ्याच्यानं तिच्याकडे पाहवलं नाही. "नसन सांगायचं त नका सांगू. तुमच्या मर्जीशिवाय होत नाही हे."

देवसिंगभाऊनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मेसेज वाचला, आधी मनात. मग एकेक आकडा, शाळेत वाचतात तसा सुटा सुटा, नीट ऐकू येईल असा सांगितला. मी टाकत गेलो. देवसिंगभाऊच्या मोबाइलवर स्वागताचा मेसेज आला. तिच्या मोबाइलवरही एक आला, तो तिनं मोठ्यानं वाचला. "आपला क्रमांक या शेतातून काढण्यात आला आहे."

मग मला विचारलं, "भिया, आता वावराले तहान लागली त मले कोण सांगन?"

बटण माझ्या मोबाइलवर होतं आणि मीच ते दाबलं होतं.